वर्षाचे संरक्षण, वापराचे मोल : मोटार विम्याविषयी विमा नियामकांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

विषय : खासगी मोटारींच्या विम्याची वार्षिक आकारणी आणि तिची न्याय्यता



खासगी मोटार बाळगणाऱ्या नागरिकाला विम्याची संपूर्ण रक्कम दरवर्षी आगाऊ भरावी लागते, मग ती मोटार रोज घाटरस्ता चढत-उतरत असो अथवा इमारतीच्या आवारात कापडाखाली उभी असो. आणि या खर्चाचा एक भाग कायद्यानेच बंधनकारक केलेला असल्यामुळे त्याची आकारणी कोणत्या तत्त्वावर होते, हे विचारण्याचा हक्क तो भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. विम्याची सक्ती उठवावी, अशी मागणी या पत्रात केलेली नाही. ती सक्ती अधिक चांगल्या रीतीने पाळली जावी, यासाठीच हे पत्र लिहिले आहे. त्यातील मुख्य प्रतिपादन असे की, विमा-संरक्षणाचे माप म्हणून एक वर्षाची मुदत योग्य असली, तरी तीच मुदत किमतीचेही जवळजवळ एकमेव माप होऊन बसल्यामुळे गाडी कमी वापरणारा, ती सावधपणे चालवणारा आणि बेताच्या उत्पन्नातून पैसे भरणारा, असे तिघेही वाहनधारक वर्षानुवर्षे वाजवीपेक्षा अधिक भार उचलत आले आहेत.

मोटार विम्याच्या सर्वसमावेशक पॉलिसीत दोन वेगळे करार एकत्र बांधलेले असतात, आणि पॉलिसीच्या छापील कागदावरही त्यांचे दोन स्वतंत्र रकाने दिसतात. पहिला रकाना ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे अपघात, चोरी, आग, पूर इत्यादींमुळे विमाधारकाच्या स्वतःच्या गाडीच्या होणाऱ्या हानीचा; त्याचा प्रीमियम मुख्यतः ‘आयडीव्ही’वर, म्हणजे घसारा वजा करून ठरवलेल्या विमा-मूल्यावर अवलंबून असतो आणि त्याचे दर ठरवण्याची मोकळीक १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना आहे. दुसरा रकाना ‘थर्ड पार्टी’चा, म्हणजे त्या गाडीमुळे रस्त्यावरील त्रयस्थाचा मृत्यू, इजा वा मालमत्तेचे नुकसान झाल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा; मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला भाग हाच, आणि त्याचे दर केंद्र सरकार आपल्या प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरवते. वार्षिक आकारणी न्याय्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर या दोन भागांसाठी एकच असू शकत नाही.

वार्षिक मुदतीमागे सबळ कारणे आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. विमा म्हणजे पुष्कळांनी थोडे थोडे भरून मोजक्यांवर कोसळणारे मोठे नुकसान वाटून घेणे होय, आणि असे नुकसान किती घडेल याचा अंदाज बांधण्यासाठी निदान एक पूर्ण ऋतुचक्र हिशेबात घ्यावे लागते. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मधील चिपळूण येथील पुरांनी पाण्याखाली घातलेल्या गाड्या आठवल्या, म्हणजे महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ओन डॅमेजचे संरक्षण महिन्यापुरते विकत मिळू लागले, तर पूररेषेजवळ राहणारे पुष्कळ जण ते जून ते सप्टेंबर एवढेच घेतील, त्या चार महिन्यांचा दर कितीतरी पटींनी चढेल आणि अखेरीस ज्यांना विम्याची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच तो परवडेनासा होईल. जोखीम समोर दिसत असतानाच विमा घेण्याच्या या प्रवृत्तीला विमाशास्त्रात ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात, आणि पूर्ण वर्षाचा करार हा तिच्यावरचा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

दुसरे कारण कायद्याचे आणि हिशेबाचे आहे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम हाती आल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. घेतलेल्या प्रीमियमपैकी उरलेल्या मुदतीचा भाग कंपनीला राखीव निधी म्हणून बाजूला ठेवावा लागतो. आणि कंपन्या स्वतःवरील जोखमीचा जो विमा पुढे उतरवतात, त्या पुनर्विम्याचे करारही सहसा वर्षाचेच असतात. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण अपघातग्रस्ताचे आहे. थर्ड पार्टी विमा हा गाडीमालकाच्या सोयीसाठी नसून, रस्ता ओलांडताना ज्याला धडक बसली त्याच्या कुटुंबाला भरपाई हमखास मिळावी यासाठी आहे, आणि पॉलिसीची मुदत जितकी आखूड तितके ती खंडित राहण्याचे प्रसंग अधिक. रस्त्यावरील वाहनांचा फार मोठा हिस्सा आजही विम्याविना धावतो, ही गोष्ट न्यायालयापुढे आणि संसदेतही मांडली गेली आहे. अशा स्थितीत सक्तीचा विमा महिनेवारी तुकड्यांत विकणे म्हणजे अपघातग्रस्तांना वाऱ्यावर सोडणे होईल. म्हणून वर्षाची मुदत मोडावी, असे या पत्रात कोठेही सुचवलेले नाही. आक्षेप आहे तो त्या मुदतीच्या आत किंमत ज्या पद्धतीने गोठवली जाते, त्या पद्धतीवर. आणि ते आक्षेप पुढे एकेक करून मांडले आहेत.

पहिला आक्षेप असा की, सक्तीच्या विम्याची किंमत गाडीच्या वापराशी कोणतेही नाते ठेवत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसी इंजिनाच्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीपोटी वर्षाला ३,४१६ रुपये पडतात आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ही रक्कम सुमारे ४,०३१ रुपये होते. या गटातील एक गाडी गणपतीला आणि मे महिन्यात कोकणात जाऊन येण्यापुरती बाहेर पडते व वर्षात २,००० किलोमीटर धावते; दुसरी नोकरी-धंद्यासाठी रोज महामार्गावर असते व ४०,००० किलोमीटर धावते, असे मानले, तर पहिलीच्या मालकाला सक्तीचा विमा किलोमीटरमागे दोन रुपयांना पडतो आणि दुसरीच्या मालकाला दहा पैशांना. त्रयस्थाला धडक बसण्याची शक्यता गाडी रस्त्यावर असतानाच असते, आणि जितके अंतर अधिक तितकी ती वाढते. मग ती शक्यता मोजणाऱ्या दरात अंतराला स्थानच नसावे, हे कोणत्या गणिताने समर्थनीय ठरते? साध्या खानावळीतसुद्धा न जेवलेल्या दिवसांचा खाडा धरला जातो. कायद्याने भरायला लावलेल्या विम्यात तो धरला जात नाही.

हे तत्त्व भारतीय विमा व्यवहाराला अपरिचित आहे, असेही नाही. जुन्या भारतीय मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे दर आणि अटी ठरवून देणाऱ्या नियमपुस्तिकेत, गॅरेजमध्ये उभ्या ठेवलेल्या वाहनाला त्या काळापुरती प्रीमियममध्ये सूट देण्याचे स्वतंत्र पृष्ठांकन आहे. पण अशी सोय असते, हे सर्वसामान्य विमाधारकाला कोणी सांगत नाही. २०२२ च्या दरपत्रकात व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारींना थर्ड पार्टी प्रीमियममध्ये ५० टक्के, विजेवरील वाहनांना १५ टक्के आणि हायब्रिड वाहनांना साडेसात टक्के सवलत ठेवलेली आहे. व्हिंटेज गाडी क्वचितच रस्त्यावर येते आणि तिला निम्मा दर लागतो. निवृत्त शिक्षकाची दहा वर्षांची छोटी गाडीही क्वचितच रस्त्यावर येत असताना तिला पूर्ण दर लागावा, हा भेद टिकणारा नाही. प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ‘पे ॲज यू ड्राइव्ह’, म्हणजे अंतरानुसार आकारणी, आणि ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’, म्हणजे चालवण्याच्या पद्धतीनुसार आकारणी, यांना परवानगी दिली, हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु ही मुभा ओन डॅमेजपुरती राहिली. गाडी जुनी होत जाते तसा आयडीव्ही घटून ओन डॅमेजचा प्रीमियम कमी होतो, थर्ड पार्टीचा मात्र होत नाही. म्हणजे जुन्या गाडीच्या पॉलिसीत जो भाग उत्तरोत्तर मोठा होत जातो, नेमका त्यालाच वापराचा निकष लागू नाही.

दुसरा आक्षेप दीर्घ मुदतीच्या सक्तीविषयी आहे. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षा समितीच्या शिफारशीवरून दिलेल्या निर्देशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. विम्याविना वाहनांची संख्या पाहता या निर्देशामागील हेतूबद्दल दुमत होऊ शकत नाही. प्रश्न आहे तो त्याच्या किमतीचा. उपरोक्त गटातील मोटारीला एक वर्षाचे ३,४१६ रुपये पडत असतील, तर तिपटीने १०,२४८ रुपये होतात. तीन वर्षांचा एकरकमी दर मात्र १०,६४० रुपये ठेवला गेला. १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला तिप्पट रक्कम ६,२८२ रुपये होते आणि दर ६,५२१ रुपये आहे. म्हणजे तीन वर्षांचे पैसे एकदम आगाऊ देणाऱ्याला सूट मिळण्याऐवजी अधिकच रक्कम मोजावी लागते. भरपाईच्या रकमा दरवर्षी वाढतात, म्हणून पुढील वर्षांची वाढ आधीच धरली आहे, असा युक्तिवाद याबाबत होऊ शकतो. परंतु १,००० ते १,५०० सीसी गटाचा वार्षिक दर २०१९ मध्ये ३,२२१ रुपये होता आणि २०२२ मध्ये ३,४१६ रुपये झाला, म्हणजे तीन वर्षांत सुमारे सहा टक्के वाढला. त्या गतीने वर्षाला दोन टक्के वाढ धरली, तरी तीन वर्षांची बेरीज सुमारे १०,४५४ रुपये भरते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा पैसा तोपर्यंत कंपनीकडे गुंतवणुकीत राहतो, त्यावरील उत्पन्न यात धरलेलेच नाही. या फरकाचा हिशेब लोकांपुढे मांडला जाणे आवश्यक आहे.

तिसरा आक्षेप याच व्यवस्थेतून उद्भवलेल्या संभ्रमाविषयी आहे. नव्या गाडीसोबत शोरूममध्ये मिळणाऱ्या पॉलिसीत बहुधा थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि ओन डॅमेज एकाच वर्षाची असते, आणि त्यामुळे एकाच कागदावर दोन वेगळ्या समाप्ती-तारखा छापलेल्या असतात. ‘तीन वर्षांचा इन्शुरन्स झालाय’ एवढेच ऐकून गाडी घरी नेणाऱ्या ग्राहकाची समजूत अशी होते की, तीन वर्षे काही पाहायचे कारण नाही; वर्षभराने ओन डॅमेजचा भाग लॅप्स होतो, म्हणजे नूतनीकरणाअभावी संपुष्टात येतो, आणि ते गाडी ठोकल्यावर वा चोरीला गेल्यावर लक्षात येते. लॅप्स होऊन ९० दिवस उलटले, तर ‘नो क्लेम बोनस’ही जातो. क्लेम न करणाऱ्याला ओन डॅमेजच्या प्रीमियममध्ये पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पुढे ५० टक्क्यांपर्यंत मिळत जाणारी ही सवलत कमावायला पाच वर्षे लागतात आणि गमवायला तीन महिने पुरतात. वार्षिक नूतनीकरणाच्या पद्धतीत तारीख चुकण्याचा धोका अंगभूत असेल, तर त्याची पूर्वसूचना देण्याची जबाबदारीही तितक्याच काटेकोरपणे कंपनीवर असली पाहिजे.

चौथा आक्षेप सावध चालकाच्या वतीने आहे. नो क्लेम बोनस थर्ड पार्टीच्या भागाला लागू होत नाही, आणि खासगी मोटारीचा त्या भागाचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. इंजिनाची क्षमता हा मोजायला सोपा निकष आहे, एवढाच त्याचा गुण. गाडी कोण चालवते, किती चालवते, त्या व्यक्तीच्या नावावर सिग्नल मोडल्याची वा मद्यपान करून गाडी चालवल्याची नोंद आहे काय, याबद्दल तो काहीही सांगत नाही. पंधरा वर्षे एकही अपघात न करणाऱ्याने आणि दरवर्षी कोणाला तरी धडक देणाऱ्याने सक्तीच्या विम्यापोटी सारखीच रक्कम भरावी, यात सुरक्षितपणे गाडी चालवण्यास कोणतेही उत्तेजन उरत नाही. वाहतूक नियमभंगाशी निगडित प्रीमियमची कल्पना प्राधिकरणानेच नेमलेल्या कार्यगटाने मांडली होती; ती पुढे नेण्याची निकड अजूनही तेवढीच आहे.

पाचवा आक्षेप एकरकमी भरण्याविषयी आहे. आरोग्यविम्याचा प्रीमियम हप्त्यांनी भरण्याची सोय प्राधिकरणाने २०१९ मध्ये करून दिली, आणि वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला. खासगी मोटारीच्या सक्तीच्या विम्यावर मात्र तो १८ टक्केच राहिला. मोटार बाळगणारा प्रत्येक जण सुखवस्तू असतो, ही समजूत आता खरी नाही. जुनी मोटार घेऊन गावोगावच्या बाजारात माल नेणारा छोटा दुकानदार, आजारी पालकांना तालुक्याच्या रुग्णालयात ने-आण करण्यासाठी हप्त्यावर गाडी घेतलेले कुटुंब, यांच्यासाठी शाळेची फी आणि विम्याचे नूतनीकरण एकाच महिन्यात आले, की पुढे ढकलला जातो तो विमाच. असा विम्याविना चालक पकडला गेला, तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि त्याच्या हातून अपघात घडला, तर भरपाईचा बोजा त्याच्यावरच येतो, जो तो बहुधा पेलू शकत नाही, आणि पर्यायाने अपघातग्रस्त कुटुंब उघड्यावर पडते. म्हणजे पैसे भरण्याची रीत हा केवळ ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न नसून सक्तीचा मूळ हेतू साध्य होतो की नाही, याच्याशी तो थेट जोडलेला आहे.

अन्य देशांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या प्रकारे शोधली आहेत. जर्मनीत वर्षातील ठरावीक महिनेच वापरल्या जाणाऱ्या वाहनाला हंगामी क्रमांकपट्टी मिळते, ते महिने पट्टीवरच छापलेले असतात, आणि त्या काळापुरताच विमा व कर लागतो. दक्षिण आफ्रिकेत अपघातग्रस्तांच्या भरपाईचा निधी इंधनावरील अधिभारातून उभा केला जातो. त्यामुळे जो अधिक गाडी चालवतो तो आपोआप अधिक भरतो आणि विमा टाळणारा कोणी उरतच नाही, परंतु तो निधी कायम तुटीत सापडल्यामुळे तेथील अनुभवातून सावधगिरीचा धडाही मिळतो. न्यूझीलंडमध्ये असा अधिभार काही अंशी पेट्रोलवर आणि काही अंशी वार्षिक वाहन परवान्यावर घेतला जातो. यांपैकी कोणतीही व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, असे नाही. संरक्षण अखंड ठेवूनही किंमत वापराशी जोडता येते, एवढे मात्र या उदाहरणांवरून निर्विवाद सिद्ध होते.

या पार्श्वभूमीवर प्राधिकरणाला पुढील विनंत्या आहेत.

पहिली विनंती अशी की, थर्ड पार्टीच्या दरात अंतराचे किमान तीन टप्पे ठेवण्याची शिफारस प्राधिकरणाने केंद्र सरकारला करावी. गाडीच्या मीटरवरील आकड्याची नोंद पीयूसी, म्हणजे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र देताना बंधनकारक केली, तर त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. ठरलेल्या अंतराहून गाडी अधिक धावली, तर फरक पुढील नूतनीकरणात वसूल करावा. त्या कारणावरून अपघातग्रस्ताची भरपाई मात्र कधीही नाकारली जाऊ नये.

दुसरी विनंती अशी की, तीन व पाच वर्षांच्या एकरकमी दरांची आकडेमोड जाहीर करावी, आगाऊ रकमेवरील उत्पन्नाचा लाभ विमाधारकाला दरात द्यावा, आणि गाडी भंगारात निघाल्यास अथवा संपूर्ण नष्ट झाल्यास उरलेल्या वर्षांचा प्रीमियम मागणीची वाट न पाहता परत करावा. किरकोळ ग्राहकाला पॉलिसी रद्द करून उरलेल्या मुदतीचा परतावा मिळवण्याचा हक्क प्राधिकरणाने जून २०२४ च्या परिपत्रकाने दिलाच आहे. त्याची माहिती प्रत्येक पॉलिसीच्या पहिल्या पानावर असावी.

तिसरी विनंती अशी की, संरक्षण पूर्ण वर्षाचे ठेवून प्रीमियम तिमाही हप्त्यांनी भरण्याची सोय सर्व कंपन्यांना बंधनकारक करावी, आणि हप्ता चुकला तरी थर्ड पार्टीचे संरक्षण वर्षअखेरपर्यंत अबाधित राहील, थकबाकीची वसुली स्वतंत्रपणे होईल, अशी तजवीज कायद्यात आवश्यक ते बदल सुचवून करावी.

चौथी विनंती अशी की, नूतनीकरणाची सूचना ग्राहकाच्या भाषेत, महाराष्ट्र आणि गोव्यात मराठीतूनही, पाठवावी आणि तीत गेल्या वर्षीचा व या वर्षीचा आयडीव्ही, दोन्ही रकान्यांचा प्रीमियम, दोन्ही समाप्ती-तारखा, नो क्लेम बोनसची टक्केवारी आणि तो जाण्याची तारीख एका पानावर शेजारी-शेजारी मांडावी. उभ्या ठेवलेल्या वाहनाची सूट आणि अंतरानुसार आकारणी हे पर्यायही त्याच पानावर असावेत.

पाचवी विनंती अशी की, थर्ड पार्टीच्या दरात चालकाच्या वर्तनाला स्थान द्यावे, त्याची सुरुवात दावा न झालेल्या सलग वर्षांसाठीच्या माफक सवलतीपासून करावी, आणि सक्तीच्या विम्यावरील कर कमी करण्याची शिफारस वस्तू व सेवा कर परिषदेकडे ठामपणे मांडावी.

नागरिकाने विमा घ्यावा, ही शासनाची अपेक्षा रास्त आहे आणि ती पूर्ण व्हायलाच हवी. परंतु ज्या खरेदीत नाही म्हणण्याचा पर्याय कायद्याने काढून घेतला आहे, तेथे दर न्याय्य ठेवण्याचे कर्तव्य कायदा करणाऱ्यांवर आणि नियामकावर बाजारातील अन्य कोणत्याही व्यवहारापेक्षा अधिक कठोरपणे येते. दर परवडणारा आणि समजणारा असला, म्हणजे विम्याविना धावणाऱ्या गाड्या दंडाच्या भीतीवाचूनही कमी होतील आणि त्याचा पहिला लाभ रस्त्याने पायी चालणाऱ्याला होईल. वरील विनंत्यांवर प्राधिकरणाने सार्वजनिक हरकती व सूचना मागवाव्यात आणि पुढील दरपत्रकापूर्वी आपला निर्णय कारणांसह जाहीर करावा, ही अपेक्षा.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक विमाधारक नागरिक